मकरानची लाट आणि मनोरी

28 नोव्हेंबर 1945 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरील पसनीजवळ 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईचा समुद्र अवेळी चढला. लाटांची उंची 2 मीटरच्या आसपास होती. वेसाव्यात 5 आणि हाजी अलीजवळ 6 माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. दांडा आणि जुहूला मच्छीमारांच्या होड्या दोर तोडून गेल्या. मनोरी याच किनाऱ्यावर, वेसाव्याच्या उत्तरेला आहे. मुंबईत भूकंपाचा विषय निघाला की कोयना, किल्लारी आणि डहाणू-तलासरी ही नावे येतात, आणि यायलाच हवीत. पण मनोरी-गोराईच्या कोळीवाड्यांनी समुद्रापलीकडच्या मकरानकडेही लक्ष ठेवले पाहिजे.

मकरानच्या किनाऱ्याखाली अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली वर्षाला काही सेंटिमीटर शिरतो आहे. दोन्ही पट्ट जिथे घट्ट अडकतात तिथे ताण साठत जातो आणि एके दिवशी भूकंप होऊन सुटतो. पण अशा भ्रंशाचे, म्हणजे दोन पट्टांमधल्या भेगेचे, काही भाग काही दिवस, आठवडे, कधी महिने घेऊन हळूहळू सरकतात. घरातले भांडेही वाजत नाही. उदाहरणार्थ, कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर साधारण दर 14 महिन्यांनी जीपीएस केंद्रे आपली नेहमीची दिशा सोडून काही मिलिमीटर उलटी जातात. 2001 साली शास्त्रज्ञांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. एवढ्याशा दिसणाऱ्या त्या हालचालीत साडेसहाहून अधिक तीव्रतेच्या भूकंपाइतकी सरक दडलेली असते.

ताण असा हळूहळू निघून जातो म्हणून निर्धास्त व्हावे, असे मात्र नाही. एक भाग सरकला की शेजारच्या अडकलेल्या भागावरचा भार वाढतो. 11 मार्च 2011 च्या जपानमधील महाभूकंपाआधी अशी संथ सरक भूकंपकेंद्राच्या दिशेने पुढे येत होती, असे नोंदी तपासल्यावर दिसून आले. प्रत्येक संथ सरकीनंतर भूकंप होतोच असे नाही. म्हणूनच त्यावरून तारीख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. 1945 साली मकरानचा पूर्व भाग फुटला. पश्चिम भाग अडकला आहे की मुकाट सरकतो आहे, यावर पुढच्या लाटेचा अंदाज अवलंबून आहे, आणि तो वाद समुद्रतळावरच्या मोजमापानेच मिटेल. जपान आणि न्यूझीलंडने आपापल्या समुद्रात तशी उपकरणे टाकली आहेत. अरबी समुद्रातही ती हवीत. त्यासाठी भारताने ओमान, इराण आणि पाकिस्तानशी बोलावे. राजकीय वैर कितीही असले तरी ही माहिती अडवून ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही.

तोवर आपल्या हाती असलेली गोष्ट म्हणजे वेळ. 1945 साली भूकंप आणि लाट यांत सुमारे पावणेपाच तास गेले, पण इशारा देणारे कोणी नव्हते. आज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती संस्थेत 2007 पासून त्सुनामी इशारा केंद्र अहोरात्र चालते. प्रश्न आहे तो हैदराबादचा निरोप मनोरीच्या जेट्टीवर पोहोचण्याचा. इथून बाहेर पडायला मार्व्याची फेरीबोट किंवा उत्तनवरून भाईंदरचा रस्ता. त्सुनामी खाडीतही शिरते, म्हणून त्या वेळी फेरीबोटीकडे धावणे म्हणजे संकटाच्या तोंडी जाणे. कोणत्या पाड्याने कोणत्या उंचीवर पायी जायचे, खोल समुद्रातल्या नाखव्यांना ‘किनाऱ्याला येऊ नका’ हे कोणी कळवायचे, म्हाताऱ्यांना कोणी न्यायचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांनी अशी तयारी करून 2020 साली युनेस्कोकडून ‘त्सुनामी सज्ज’ ही मान्यता मिळवली.

मुंबई उपनगर जिल्हा प्रशासनाने मनोरी, गोराई आणि वेसावे यांच्यासाठी हाच कार्यक्रम हाती घ्यावा. मच्छीमार सोसायट्यांना त्यात बरोबरीचे स्थान द्यावे. मनोरीत योजलेल्या समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पाच्या आराखड्यातही मकरानच्या लाटेचा हिशेब असावा. भूकंप आपल्याला थांबवता येत नाही. पण पावणेपाच तास हाताशी असताना माणसे वाहून गेली, तर तो दोष समुद्राचा नसेल.