लेण्यांतले मौन आणि व्याजाचा दर

लेणी म्हटली की आपल्या ललित गद्याला लगेच मौन ऐकू येते. कोरीव अंधार, भिक्षूची विरक्ती, निर्वाणाची शांतता! या ठरावीक शब्दकळेला आमचा आक्षेप आहे. भिंतींवर काय कोरले आहे ते न वाचताच ती जन्मली आहे.

प्रथम वाटा पाहाव्यात. कल्याण बंदरातून एक वाट मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. दुसरी शहापूरवरून थळघाटाने नाशिकला. दोन्हींच्या माथ्यापलीकडे लेणी आहेत. विरक्तीला रहदारीचा शेजार लागत होता.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्याचा लेख घ्या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाच्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वर्षाचे व्याज २४०. हिशेब चोख जुळतो. शिवाय सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवलेला.

यावर कुणी 'संघाचे पतन' म्हणून उसासा टाकील. तो फुकाचा आहे. भिक्षूने सोन्यारुप्याला शिवू नये हा विनयाचा नियम. म्हणूनच तर रक्कम श्रेणीकडे राहते. इजिप्तमध्ये थेबिस परिसरातील कॉप्टिक मठांच्या खापरांवरही धान्याचे, कर्जाचे, विणकामाचे व्यवहार लिहिलेले सापडतात. संन्याशालाही अन्नवस्त्र लागते, आणि ते कुणीतरी पिकवावे, विणावे लागते.

म्हणून आम्ही आता सावकारीचे गोडवे गाणार नाही. दात्याचे नाव सासऱ्यासकट कोरले गेले. ज्यांच्या मागावरून ते २४० कार्षापण निघायचे, त्या विणकरांपैकी एकाचेही नाव लेखात नाही. लेण्यांतले खरे मौन हे आहे. आमच्या ललितलेखकांना नेमके तेच ऐकू आलेले नाही.

हे प्राकृत लेख इतिहासवाल्यांचे म्हणून मराठीच्या वर्गाने सोडून देऊ नयेत. आपल्या भूमीतले अतिप्राचीन गद्य त्यांत आहे. नेमके, कोरडे, एकही विशेषण वाया न घालवणारे. शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांच्या तर ते वाटेवरचे आहे. त्यांनी घाटमाथ्यावर शांतता अनुभवायला जरूर जावे. पण आधी व्याजाचा दर वाचून जावे.