वकिलाने कॅमेऱ्यासमोर यावे, पण काम मागायला नव्हे

"वकीलसाहेब, रोज एक रील टाका, सहा महिन्यांत ऑफिसबाहेर रांग लागते की नाही बघा!" असे सांगणारे मार्केटिंगवाले आता तालुक्याच्या कोर्टापर्यंत पोहोचले आहेत. त्यांच्या पॅकेजमध्ये थंबनेल, हॅशटॅग, 'आजच कॉल करा'ची पट्टी, सगळे असते. नसतो तो फक्त बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36. प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कोणत्याही मार्गाने जाहिरात करायला किंवा काम मागायला हा नियम वकिलाला मनाई करतो.

हा सगळा साचा अमेरिकेतला. तिथे 1977 साली बेट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या जाहिरातींना वाट करून दिली. आपला इतिहास उलट्या दिशेचा आहे. मुंबईत एस्प्लनेड कोर्टाच्या दाराशी येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालून कामे पळवणाऱ्या वकिलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1975 च्या दाभोळकर निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वकिली म्हणजे व्यापार नव्हे, असे खडसावले. आज कोर्टाच्या दाराऐवजी मोबाइल आला, झडप तीच. मार्च 2025 मध्ये बार कौन्सिलने सिनेतारे आणि इन्फ्लुएन्सर यांच्यामार्फत होणाऱ्या वकिली जाहिरातींवर पुन्हा डोळे वटारले, ते उगाच नाही.

पण म्हणून "वकिलाने कॅमेऱ्यासमोर उभेच राहू नये" हा काही ज्येष्ठांचा हेकाही मान्य करता येत नाही. वर्तमानपत्रांत कायद्याची सदरे वकिलांनीच लिहिली. तेव्हा कोणाची सनद धोक्यात आली नव्हती. 2008 मध्ये नियमात दुरुस्ती होऊन नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढी माहिती वेबसाइटवर द्यायची मुभा मिळाली. म्हणजे इंटरनेटचे वावडे खुद्द कौन्सिललाही नाही. आणि जाणते वकील गप्प बसले की मोबाइलवर बोलते कोण? ज्याने सनद कधी पाहिली नाही असा 'कायदेतज्ज्ञ'.

चेक बाउन्सचेच घ्या. चेक परत आल्याचे बँकेने कळवले की 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस समोरच्याला पैसे भरायला. तेवढ्यात भरले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीचा उशीर मात्र माफ होत नाही. तरी चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरता येतो, आणि परत आला तर नव्याने नोटीस देता येते. 'देतो हो, पुढच्या आठवड्यात' यावर विसंबून दुकानदार 40 दिवस काढतो आणि मग वकिलाकडे धावतो. कॅलेंडर हातात धरून, या तारखांवर बोट ठेवत चार मिनिटांत हे सांगणारा मराठी व्हिडिओ कोणा वकिलाने केला, तर त्यात नियम मोडला कुठे? बहिणीकडून घेतलेले हक्कसोडपत्र नोंदणीकृत का लागते, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा का नाही, असे विषय तर पोत्याने पडले आहेत.

यावर आक्षेप ठरलेला: अशाने वकिलाचे नाव होणार, मग ही आडवळणाची जाहिरातच झाली. नाव होईलच. भर कोर्टात चांगला युक्तिवाद केला तरी होते. त्याला कोणी जाहिरात म्हणत नाही. कसोटी एवढीच लावावी, की जो माणूस या वकिलाकडे कधीच येणार नाही त्याच्या पदरात व्हिडिओतून काही पडते का? पडत असेल तर तो लोकशिक्षण. 'आमचा सक्सेस रेट', निकालाची प्रत हलवणारा पक्षकार, गाडीतून उतरतानाचा स्लो मोशन, यातून प्रेक्षकाला काय मिळते? असले व्हिडिओ सरळ काढून टाकावेत.

राहता राहिली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. नुसत्या तंब्या पुरेशा नाहीत. व्हिडिओत काय चालेल आणि काय चालणार नाही, हे तिने मराठीत, उदाहरणांसह छापून प्रत्येक बार रूमच्या भिंतीवर लावावे.