मांजराचं बिल आणि ताईंची साखर

गेल्या महिन्यात एक ताई तपासायला आल्या. वय 58, घरीच ब्लाउज शिवून देतात, एकट्या राहतात. बारा वर्षांपासून डायबेटिस, सोबतीला बीपी. माझ्या अगदी शिस्तीच्या पेशंट. दर तीन महिन्यांनी न सांगता रिपोर्ट घेऊन येणाऱ्या. त्या दिवशी मात्र उपाशीपोटीची साखर 268 आणि बीपी 170/100.

"गोळ्या घेताय ना?"

"घेते की."

"मागची स्ट्रिप दाखवा बघू."

ताई पिशवीत उगाच शोधल्यासारखं करू लागल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नका. दीड महिना झाला, बंद केल्यात. मांजराचं बिल फेडतेय."

"मांजराचं?" असं मी ज्या सुरात म्हणालो, तो सूर मला अजून आठवतो आणि त्याची लाज वाटते. ताईंनी मान खाली घातली. नवऱ्याच्या बायपाससाठी, मुलाच्या डेंग्यूसाठी गोळ्या बंद करून पैसे वाचवणारी माणसं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यांच्याशी मी कधी त्या सुरात बोललो नाही.

ताईंची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहितो आहे. मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नाही. पण या निमित्ताने एका पशुवैद्य मित्राशी बरंच बोलणं झालं आणि काही गोष्टी सगळ्यांना कळायला हव्यात असं वाटलं.

झालं असं. पावसाळ्यातली संध्याकाळ, स्वयंपाकघराची खिडकी उघडी, आणि ताईंची ठकी कबुतराच्या मागे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडली. मागचा डावा पाय लोंबत होता, श्वास धापा टाकल्यासारखा. ताईंनी जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथे ठेवून घेतलं. किती खर्च येईल हे ताईंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तीन दिवसांनी हातात 21,500 रुपयांचं बिल आलं. पाय तसाच तुटलेला. प्लेट बसवायचे अजून 45,000 लागतील, असं तेव्हा कळलं. भिशीचे पैसे गेले, ओळखीच्या दुकानदाराकडून व्याजाने दहा हजार घेतले, आणि ते फेडण्यासाठी जिथे काटकसर करता येईल तिथे केली. पहिली काटकसर स्वतःच्या गोळ्यांवर. आपल्याकडच्या बायका नेहमी तिथूनच सुरुवात करतात.

आता, त्या दवाखान्याने लुबाडलं का? मला तसं वाटत नाही. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, ऑक्सिजन, भूल, रात्रभर लक्ष ठेवणारा माणूस, यातलं काहीच मांजर लहान आहे म्हणून स्वस्त होत नाही. सरकारी योजनेत माणसाचं ऑपरेशन फुकट होतं, निदान विम्याचं कार्ड तरी पुढे करता येतं. मांजराच्या बाबतीत सगळा खरा खर्च थेट तुमच्या खिशातून जातो, म्हणून तो डोळ्यांत भरतो. चूक मला दिसते ती एकाच जागी: आकडा आधी सांगितला गेला नाही. आणि ही चूक आम्ही माणसांचे डॉक्टरही सर्रास करतो. ऑपरेशनची जोखीम समजावून सांगतो, सही घेतो, आणि पैशांचं बोलायला नातेवाइकांना बिलिंग काउंटरवर पाठवतो. जणू पैसा हा उपचाराचा भागच नाही.

माझ्या मित्राने मला जे सांगितलं त्यात सगळ्यात उपयोगी गोष्ट ही. उंचावरून पडलेल्या किंवा गाडीने उडवलेल्या मांजराचं मोडलेलं हाड ही सहसा पहिल्या तासाची भानगड नसते. जीव जातो तो छातीला लागलेल्या मारामुळे, आतल्या रक्तस्रावामुळे, शॉकमुळे. म्हणून पहिल्या दिवसाचा पैसा ऑक्सिजन, सलाइन, वेदनाशामक इंजेक्शन आणि छातीचा एक्स-रे यांवर जायला हवा. हाडाचं ऑपरेशन बहुतेक वेळा मुद्दामच एक-दोन दिवस थांबून करतात, कारण फुप्फुसाला मार बसलेल्या मांजराला भूल देणं धोक्याचं. जखम उघडी असेल, हाड बाहेर आलं असेल, तर ती धुऊन झाकावी लागते, तिथे थांबता येत नाही. एरवी हे दोन दिवस तुमचे आहेत. त्यात दुसरं मत घेता येतं, चार ठिकाणी विचारता येतं, पैशाची जुळवाजुळव होते. हे माहीत नसल्यामुळे माणूस घाबरून पहिल्याच रात्री सगळ्याला हो म्हणतो.

आणि विचारायचं कसं? सरळ. "माझ्याकडे आज एवढे पैसे आहेत. यात आधी काय करायला हवं?" हे वाक्य उच्चारायला लोकांना भयंकर लाज वाटते. समोरचा म्हणेल, परवडत नव्हतं तर पाळलं कशाला? काही जण म्हणतातही, नाही असं नाही. पण चांगल्या पशुवैद्याला हा प्रश्न हवा असतो, कारण त्याच्याकडे एका दुखण्याला बहुधा एकापेक्षा जास्त रस्ते असतात. कमरेच्या हाडाचे बरेचसे फ्रॅक्चर मांजराला चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात नुसतं बंद ठेवून जुळतात, बशर्ते लघवी-शी नीट होत असेल आणि पायांत संवेदना असेल. मांडीच्या हाडाचं तसं नाही. तिथे प्लास्टर टिकत नाही, कारण वरचा खुब्याचा सांधा प्लास्टरमध्ये धरता येत नाही. म्हणजे प्लेट किंवा रॉड. आणि तेही आवाक्यात नसेल तर पाय काढून टाकणं. ऐकायला क्रूर वाटतं. पण मांजर हलकं असतं, तीन पायांवर काही आठवड्यांत तोल सावरतं, आणि आपल्याला काय कमी आहे याचा विचार करत बसत नाही. या एका बाबतीत आमच्या पेशंटांपेक्षा ते सुदैवी.

ताईंना कोणीतरी परळचं नाव सांगितलं. मुंबईतली जुनी माणसं ज्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. 1880 च्या दशकातलं. तेव्हा शहराची ओझी बैल आणि घोडे ओढत, त्यावरून हे नाव पडलं. त्याच आवारात 1886 साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा धर्मादाय आणि महाविद्यालयाच्या दवाखान्यांत खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांग असते, थांबावं लागतं, विद्यार्थी घोळका करून बघतात, हे धरून चालायचं. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सरकारचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत. तिथे गाईम्हशींचंच काम जास्त, पण प्रथमोपचार, इंजेक्शन, जखमेची शिलाई यासाठी मांजर नेलं तर कोणी हाकलत नाही. आपल्याला ते आठवतच नाही, हा खरा मुद्दा.

डोंबिवलीहून परळला ताई ठकीला भाजीच्या टोपलीत, वर ओढणी बांधून, दुपारच्या रिकाम्या गाडीने घेऊन गेल्या. तिथे पाय काढला.

पण समजा तेही जमलं नसतं तर? याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी 1987 साली इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास छापला होता. ज्यांच्यावर उपचार झाले त्यांतली 90 टक्के जगली, म्हणून तो गाजला. त्यातली एक बारीक नोंद मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. 17 मांजरांना मालकांनी इंजेक्शन देऊन शांत करायला सांगितलं, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण दुखापत नव्हती, पैसे नव्हते. न्यूयॉर्कसारख्या शहरात, चाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा डोंबिवलीतल्या एखाद्या घरावर ही वेळ आली तर त्या माणसाला पापी ठरवण्याचा अधिकार निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. उपचार परवडत नाहीत आणि प्राणी तडफडतो आहे, अशा वेळी पशुवैद्याच्या हातून वेदनारहित शेवट करणं हा माझ्या मते दयाळू निर्णय आहे. निर्दय काय, तर "देव बघून घेईल" म्हणून त्याला जिन्याखाली खोक्यात ठेवून देणं.

दुसरी तितकीच निर्दय गोष्ट नकळत होते. घरातल्या औषधाच्या डब्यातली वेदनाशामक गोळी. "लहान बाळाला देतो तेवढी अर्धी क्रोसिन देऊ का?" असं मलाच दोनदा लोकांनी फोनवर विचारलं आहे. नाही, नाही आणि नाही. पॅरासिटामॉल आपलं यकृत ज्या पद्धतीने निकामी करून बाहेर टाकतं, त्यासाठी लागणारं एन्झाइम मांजराच्या यकृतात फारच अपुरं असतं. मग विषारी घटक साचतात, रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनाही हात लावू नका. चुकून दिली गेली असेल तर लाजून लपवू नका, पशुवैद्याला लगेच सांगा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. पैसे वाचवायला दिलेली दोन रुपयांची गोळी सगळ्यात महाग पडते, ती अशी.

तोंड उघडून श्वास घेणारं मांजर, पांढऱ्याफटक हिरड्या, मागचे पाय ओढत चालणं, अपघातानंतर दिवसभरात लघवी न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. मांजर दुखणं लपवतं. कोपऱ्यात गप्प बसलं म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका.

आता माझ्या खात्यातलं. ठकीला उचलताना ताईंच्या मनगटाला ती चावली होती. घरचं, मायेचं मांजर, पण वेदनेत असलेला प्राणी कुणालाही चावतो. ताईंनी हळद लावली आणि विसरून गेल्या. मला हे दीड महिन्याने कळलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. मांजराचे दात सुईसारखे; जखम बाहेरून बारीक दिसते आणि आत खोल जंतू सोडून जाते. डायबेटिस असलेल्याचा हात त्याने दोन दिवसांत सुजू शकतो. शिवाय रेबीज मांजरामुळेही होतो. चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, तिथे तरी पैशाचा प्रश्न नाही. ठकीला दरवर्षी लस दिलेली होती आणि ती अजून ठणठणीत आहे, त्यामुळे आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास टाकला. पण हळद हा उपाय नव्हे. उचलायचंच असेल तर जाड टॉवेल टाकून, आणि टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका वापरून.

पैशाबद्दल दोनच गोष्टी. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा दवाखान्यालाच हप्ते पाडून द्या म्हणून विचारा, पुष्कळ ठिकाणी ऐकतात. काही विमा कंपन्या आता मांजराचाही विमा काढतात, पण तो आधी काढावा लागतो, पडल्यावर नाही. ज्याला विम्याचा हप्ता झेपत नाही त्याने खिडकीला कबुतराची जाळी लावावी. तिचा खर्च एका एक्स-रेच्या आसपास येतो.

ताईंवर मी रागावलो नाही. गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्यायला सांगितल्या. महिन्याचा पाचशेचा खर्च दीडशेच्या आत आला. एवढी साधी गोष्ट मी बारा वर्षांत कधी बोललो नव्हतो, कारण त्यांनी कधी तक्रार केली नव्हती आणि मी कधी विचारलं नव्हतं. आता माझ्या केसपेपरवर एक नवीन ओळ आहे: औषधं परवडतात का? गेल्या आठवड्यात पाच जणांनी खरं उत्तर दिलं. त्यांतल्या एका आजोबांच्या गोळ्या नातवाच्या क्लासच्या फीमध्ये गेल्या होत्या.

परवा ताई आल्या तेव्हा साखर 151 होती. अजून खाली आणायची आहे. दुकानदाराचे चार हजार राहिलेत. जाळी बसली का विचारलं, तर म्हणाल्या, "बसली. पण आता ही मशीनच्या पायट्यावर येऊन बसते, शिवूच देत नाही."