विश्लेषण : कुत्र्याला भात-भाकरी चालते की नाही? ‘ग्रेन फ्री’ डॉग फूडमागचं वास्तव काय?

कुत्रा हा लांडग्याचा वंशज, त्याला धान्य पचतच नाही, भात-भाकरी घालाल तर आजारी पडेल, असं सांगणारे रील्स कुत्रा पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर सतत येत असतात. पाठोपाठ ‘ग्रेन फ्री’, म्हणजे धान्यविरहित डॉग फूडची जाहिरातही येते. हे अन्न साध्या डॉग फूडपेक्षा बरंच महाग असतं. इकडे महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या भाकरतुकड्यावर राखण करत आले आहेत. मग खरं काय?

लांडग्याचा दाखला किती खरा?

कुत्रा लांडग्यापासून आला हे खरं. पण मधल्या हजारो वर्षांत तो माणसाच्या उष्ट्यावर जगला आणि त्याचं पोटही बदललं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्टार्च पचवणारं अमायलेज हे विकर ज्या जनुकामुळे स्वादुपिंडात तयार होतं, त्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यांमध्ये त्या ४ ते ३० होत्या. अर्थात सगळे कुत्रे यात सारखे नाहीत. शेतीपासून दूर राहिलेल्या हस्की आणि डिंगोमध्ये या प्रती कमी सापडतात, शेतकरी समाजांसोबत वाढलेल्या कुत्र्यांत जास्त. म्हणजे ज्वारी-तांदळाच्या मुलखातल्या कुत्र्याला लांडग्याचा नियम लावण्यात काही अर्थ नाही. एक मात्र आहे, धान्य नीट शिजलेलं हवं.

अॅलर्जीचं काय?

काही कुत्र्यांना गव्हाची अॅलर्जी असते, हे नाकारता येत नाही. पण २०१६ मध्ये अन्नाची अॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा घेतला गेला, तेव्हा ३४ टक्के कुत्र्यांत दोषी ठरलं ते गोमांस. दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के. तांदूळ तर यादीत फारच खाली होता. खाजवणाऱ्या कुत्र्याचा भात बंद करून चिकन वाढवणारे मालक कदाचित उलटंच करत असतात.

धान्याची ही भीती वाढायला २००७ सालचं एक प्रकरणही कारणीभूत ठरलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेलं निघालं आणि अमेरिकेत अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. दोष भेसळीचा होता, बदनाम गहू झाला.

धान्य काढलं, मग आत काय आलं?

मुद्द्याची गोष्ट इथे आहे. कोरड्या डॉग फूडचे दाणे बांधून ठेवायला स्टार्च लागतोच. त्यामुळे धान्य काढलं की त्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा किंवा बटाटा येतो. ‘ग्रेन फ्री’ म्हणजे निव्वळ मांस, हा समज त्यामुळे साफ चुकीचा.

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अशा अन्नाची चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. कारण होतं ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’ हा हृदयविकार. यात हृदयाचे स्नायू कमजोर होतात, कप्पे फुगतात आणि रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते. डोबरमन, ग्रेट डेन यांच्यात हा आजार आनुवंशिक असतो, पण तक्रारी इतर जातींच्याही येत होत्या. एप्रिल २०१९ अखेरपर्यंत एफडीएकडे ५६० आजारी कुत्र्यांची नोंद झाली होती, त्यातले ११९ दगावले होते. ज्या अन्नाबद्दल तक्रारी होत्या, त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक ‘ग्रेन फ्री’ होतं आणि ९३ टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता.

यावरून निकाल लावायची घाई मात्र नको. बातमी गाजली की तक्रारी वाढतात, आणि तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. केवळ अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, असं एफडीएनेच डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आणि ठोस नवी माहिती येईपर्यंत पुढची माहिती देणं थांबवलं. संशय पुरता फिटलेला नाही, गुन्हाही शाबीत झालेला नाही.

आपल्याकडचा धोका वेगळा

मराठी घरांत अडचण उलटी आहे. कुत्र्याला धान्य मिळतं, पण धान्यच मिळतं. अमेरिकेतल्या प्रचलित मानकानुसार प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या आहारात किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, पिल्लाला साडेबावीस टक्के. ज्वारीत ती साधारण १० टक्के असतात, तांदळात त्याहूनही कमी. वाढत्या पिल्लाला नुसत्या दूध-पोळीवर ठेवलं तर त्याची आबाळच होते. त्यात मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दूध पचत नाही. अंडी, चिकन, मासे यांची जोड हवी आणि हाडांसाठी कॅल्शियमही. नुसत्या बिनहाडाच्या मटणातून ते मिळत नाही.

भाकरी ज्यात कुस्करली जाते ते कालवण तर जास्तच त्रासदायक. कांदा आणि लसणामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात, मग ते शिजवलेले असले तरी.

गव्हाचा संशय असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने साधारण आठ आठवडे ठरावीक आहार देऊन पाहावा लागतो. त्यानंतर संशयित पदार्थ पुन्हा खायला देऊन खाज परत येते का, हे तपासतात. आणि बराच काळ ‘ग्रेन फ्री’वर असलेला कुत्रा दमू लागला, खोकू लागला किंवा चक्कर येऊन पडला, तर इको करून त्याचं हृदय तपासून घ्यायला उशीर करू नये.