मस्टरवर नसलेली दोन नावे

काम कितीही केले, तरी मस्टरवर नाव नसेल तर पगार नाही. कामगार माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिका हा देश मोठा कसा झाला, ही हकिकत वाचताना आम्हाला त्या मस्टरचीच आठवण झाली.

१८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना हा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतला. एका सौद्यात देश जवळजवळ दुप्पट झाला. ज्यांना आपण ‘रेड इंडियन’ म्हणून वाचले, ते तिथले मूळ रहिवासी त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांना कोणी विचारलेसुद्धा नाही.

हा मुलूख पाहून पॅसिफिक महासागरापर्यंत वाट शोधायला राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी लुईस आणि क्लार्क यांची तुकडी धाडली. १८०४ च्या मे महिन्यात ती निघाली, १८०६ च्या सप्टेंबरात परतली. या दोघांची नावे जगभर झाली.

पण त्या तुकडीत यॉर्क नावाचा काळा माणूसही होता. तो क्लार्कचा गुलाम. त्याने ओझी वाहिली, शिकार केली, आजाऱ्याची सेवा केली. सकागविया ही शोशोनी जमातीची मुलगी, लहानपणी शत्रूंनी पळवून नेलेली. दोन महिन्यांचे बाळ घेऊन ती निघाली. डोंगर ओलांडायला घोडे हवे होते. ते ज्या शोशोनींकडून मिळाले, त्यांचा सरदार तिचाच भाऊ निघाला. १८०५ च्या नोव्हेंबरात हिवाळ्याचा तळ कुठे टाकावा, यावर सर्वांची मते घेतली. त्यात या दोघांचेही मत लिहून घेतले गेले.

मजुरी वाटताना मात्र दोघांचाही विसर पडला. शिपायांना दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन मिळाली. सकागवियाच्या नवऱ्याला सुमारे पाचशे डॉलर आणि जमीन मिळाली. तिला काही नाही. यॉर्कलाही काही नाही. लुइव्हिलला राहणाऱ्या बायकोजवळ राहू द्या, अशी त्याची विनवणी होती. क्लार्कने त्याला मारहाण केली, हे क्लार्कनेच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत आहे.

ज्या नेझ पर्स लोकांनी या उपाशी तुकडीला जेवू घातले, तिचे घोडे सांभाळले, त्यांना १८७७ साली लष्कराने त्यांच्याच भूमीतून हुसकले.

२००० साली सकागवियाची प्रतिमा डॉलरच्या नाण्यावर आली. २००१ साली यॉर्कला मानद सार्जंट केले गेले. उशिरा का होईना, नाव लागले. मजुरी मात्र बुडाली ती बुडालीच.

मातापित्यांनो, मुले इतिहासाचा धडा पाठ करतील तेव्हा त्यांना जवळ बसवून एवढे जरूर विचारा : जमीन कोणाची होती? ओझे कोणी वाहिले? आणि पगार कोणाला मिळाला?