डंडास जलसेतु : दगड कीं वीट?

इंग्लंडांत बाथ शहरापासून कांहीं मैलांवर, एव्हन नदीच्या खोऱ्यांत, एक दगडी पूल आहे. त्यावरून गाड्या जात नाहींत, नावा जातात. केनेट-एव्हन कालवा त्याच्या पाठीवरून नदी ओलांडतो. कालव्याच्या मंडळीचे पहिले अध्यक्ष चार्ल्स डंडास यांचें नांव पुलास मिळालें. तो रचिला मात्र जॉन रेनी या इंजिनियरानें, आणि १८०५ सालीं तो खुला झाला.

लांबी १५० यार्ड. मधली अर्धवर्तुळाकार कमान ६४ फुटांची, दोहों अंगांस दोन लहान लंबगोल कमानी, भिंतींत डोरिक पद्धतीचे चपटे स्तंभ. ग्रीक देवालयास शोभावा असा हा थाट, तोही कोळशाच्या नावांकरितां! विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नाव पुलावर आली तरी पुलावरील भार वाढत नाहीं. ती आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते. खरा भार पाण्याचा आणि त्यास पेलणाऱ्या बांधकामाचा.

या सौंदर्याची किंमत दगडानें दिली. बाथचा दगड म्हणजे खसखशीएवढ्या गोल कणांचा चुनखडक. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापुढें तो फारच मऊ. खाणींतून काढतांच तो ओला असतो. सुकल्यावर कठीण होतो. न सुकवितां बसविला आणि थंडींत आंतील पाणी गोठलें, कीं त्याचे पापुद्रे सुटतात. रेनीनें हें ओळखून विटा वापरण्याचा सल्ला दिला होता. चालकांनीं दगडाचाच हट्ट धरला.

१८५२ सालीं कालवा ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे गेला, आणि तिनें पुलाची डागडुजी केली ती विटांनीं! नाकारलेला सल्ला असा उशिरां, कोणी न सांगतां, भिंतींत येऊन बसला. पुढें गळतीमुळें १९५४ सालीं पूल बंद पडला. कित्येक वर्षें कालव्याच्या कोरड्या तळावरून लोक चालत गेले. तळास काँक्रीट व पॉलिथिनचें अस्तर देऊन १९८४ सालीं तो पुन्हां खुला झाला. नंतर २००२ ते २००४ या काळांत रेल्वेच्या कांहीं विटा काढून तेथें बाथचा दगड बसविण्यांत आला.

हें मला पटत नाहीं. विटांचीं तीं ठिगळें डोळ्यांस खुपत, हें मान्य. १९५१ सालींच संरक्षित स्मारक ठरलेल्या वास्तूचें मूळ रूप राखावें, हा हेतूही चांगला. पण त्याच पुलाच्या दगडांवर पाथरवटांनीं कोरलेल्या खुणा अद्याप दिसतात, आणि त्या कोणी घांसून काढीत नाहीं. पाथरवटाची खूण इतिहास, आणि गवंड्याची वीट मात्र डाग, हा न्याय कोणता? रेनीचें म्हणणें खरें होतें, याची साक्ष त्या विटाच देत होत्या. ज्या शिल्लक असतील त्यांस तरी यापुढें हात लावूं नये.