मालवण इला काय?

क्रूझहून परत येऊन आठवडा झाला, तरी "कशी झाली ट्रिप?" हे फोन थांबलेले नाहीत. खारघरच्या आमच्या सोसायटीत तर लिफ्टमध्येही तोच प्रश्न. जेवण झकास, खोली लहान पण नेटकी, लक्षद्वीपचं पाणी फोटोत दिसतं त्याहून निळं. हे सगळं सांगून झालंय. आज लिहायचंय ते शेवटच्या दिवसाबद्दल.

लक्षद्वीप सोडल्यावर मुंबई येईपर्यंत एक अख्खा दिवस समुद्रातच जातो. त्या दिवशी जहाजावर लग्नघरातल्या शेवटच्या दिवसासारखी कळा असते. बिलासाठी रांग, रात्री खोलीबाहेर ठेवायच्या बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या, आणि "एवढे कपडे आले कुठून?" हा खोल्याखोल्यांतला संवाद. रोजच्यासारखा कार्यक्रमाचा कागद आला. सकाळी योगा, अकराला तंबोला, चारला डान्स. फक्त आपण आहोत कुठे, हे त्यावर नव्हतं. तिथे एकच शब्द होता, 'समुद्रात'.

माझी आई शहात्तर वर्षांची. माहेर मालवणचं. तिला बोट लागेल म्हणून आम्ही आल्याच्या वड्या नेल्या होत्या. तिला काही झालं नाही, बोट लागली ती मला. असो.

सत्तरच्या दशकात ती माहेरी जायची ती बोटीनेच. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. डेकवर चटई अंथरायची, डबा सोडायचा, शेजारच्या बाईशी नातं काढायचं. मालवणला बोट लांब उभी राहायची, तिथून पडावातून किनारा गाठायचा. पावसाळ्यात बोटी बंद, मग एसटीचे हाल. तिच्या लेखी बोटीचा प्रवास म्हणजे बंदरांची माळ. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला.

त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून तिचं एकच चाललेलं, "मालवण इला काय रे?" चहा देणाऱ्या पोरालाही विचारून झालं. तो बिचारा हसून म्हणाला, "माँजी, अब सीधा मुंबई."

निघण्यापूर्वी मुलीने फोनवर नकाशा उतरवून घेतला होता. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, हे मला तिनेच सांगितलं. नकाशा उघडला तर काय, आमचा निळा ठिपका हळूहळू सिंधुदुर्गासमोर सरकत होता! किनारा ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब, म्हणजे दिसायचा प्रश्नच नाही. तरी आईची खुर्ची उजव्या बाजूच्या कठड्याशी नेली. साडेपाचच्या सुमारास म्हटलं, "आई, मालवण समोर आलं." तिने पदर सावरून सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वराला हात जोडले. समोर नुसतं पाणी.

गंमत पुढे आहे. शेजारचं डोंबिवलीचं जोडपं विचारू लागलं, "वेंगुर्ला गेलं का हो?" मग एक गुजराती काका आले, मग आणखी कोणी कोणी. अर्ध्या तासात दहा-बारा डोकी त्या फोनवर वाकली. अंधार पडता पडता विजयदुर्ग समोर आला. उजवीकडे कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचा तो किल्ला, जो 1756 मध्ये इंग्रजांनी घेतला. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे आमच्या डाव्या हाताला, पाण्याखाली बुडालेलं प्रवाळांचं पठार, आंग्रिया बँक. 2018 मध्ये सुरू झालेल्या मुंबई-गोवा क्रूझला 'आंग्रिया' हेच नाव दिलं होतं. खाली डान्स चालू होता, पण आमच्यातलं कोणी उठून गेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जहाज थांबू नका, पण नाव तरी घ्या. संध्याकाळी दोन मिनिटांची घोषणा, कागदावर एक छोटा नकाशा. त्याला खर्च कसला? बायको म्हणाली, "लोक मजा करायला येतात, इतिहासाचा तास कशाला?" तिचंही खरं. पण कोकण रेल्वेत रत्नागिरी आलं की अर्धा डबा उठून बसतो, तो काही इतिहासासाठी नव्हे. आपलं काहीतरी जवळून जातंय, एवढं कळलं की माणूस खिडकीशी येतोच.

आणि चूक काय फक्त जहाजवाल्यांची आहे? गणपतीला आम्ही पळस्प्याहून महामार्गाला लागतो, वाटेतला प्रत्येक वडापाव मला पाठ आहे. त्याच कोकणाची बंदरं मात्र पन्नाशी उलटेपर्यंत मला क्रमाने सांगता येत नव्हती. समुद्राकडून कोकण पाहिलेली आईची पिढी आता थकत चाललीय. ती गेल्यावर त्या बाजूने पाहणाऱ्याला कोकण हे नुसतं 'समुद्रात' असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला उतरलो आणि अटल सेतूवरून तासाभरात घरी. पुलावर आई खिडकीशी बसून पुन्हा बंदरं मोजत होती. घरी आल्यावर तिच्याकडून सगळी वहीत लिहून घेतली. रत्नागिरी आणि विजयदुर्ग यांच्यामध्ये मात्र ती अडखळते. पूर्णगड, मुसाकाजी, जैतापूर. यातल्या कुठे बोट थांबायची नि कुठे नाही, यावर तिचं आणि मामाचं फोनवर भांडण झालंय. मावशी, वाचत असशील तर निकाल तूच दे. आणि कोणाकडे त्या बोटींचं जुनं तिकीट किंवा फोटो असेल, तर जरूर कळवा.